इंजिनाचं नाक

आमच्या आत्याचा जगात दोनच गोष्टींवर भरवसा होता. एक गळ्यातलं इष्टलिंग आणि दुसरी दारातली जीप. घरावर तिचा काडीचाही भरवसा उरला नव्हता, आणि त्याला कारण तसंच होतं. भूकंपात तिचं किल्लारीजवळच्या गावातलं घर पडलं. नवरा आणि सासू त्याच ढिगात गेले, ही तेवढी जिवंत निघाली. पुढं सरकारनं नवं घर बांधून दिलं. तिनं त्याला कुलूप घातलं, किल्ली कनवटीला लावली आणि लातूरला भावाकडे, म्हणजे माझ्या अप्पांकडे, कायमची राहायला आली.

दिवसा ती घरात वावरायची. दार मात्र सताड उघडं लागायचं. झोपायची वेळ झाली की वाकळ काखेत मारून अंगणात जायची आणि जीपच्या मागच्या बाकावर आडवी व्हायची. थंडी असो की पाऊस. "जीप पडत न्हाई," एवढंच तिचं म्हणणं. मी फिजिक्स शिकवते, आणि त्या हिशेबानंही ती बरोबर होती.

जीप अप्पांची. भूकंपाच्या आधी आणि नंतरही ते लातूर-किल्लारी रस्त्यावर शिटं भरून ती चालवायचे. मग लातुरात कोचिंग क्लासचं पेव फुटलं, तेव्हा गावोगावहून आलेल्या पोरापोरींच्या ट्रंका आणि गाद्या स्टँडवरून होस्टेलला पोचवायला लागले. आमच्या गल्लीत बघता बघता मजल्यावर मजले चढले. आत्या जीपमधून मान वर करून विचारायची, "एवढं वर कामून बांधून राहिलेत? उतरायला येळ तरी मिळतो का?" गॅलरीतल्या पोरी हसायच्या. त्यातल्याच काही दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात बसलेल्या असायच्या. अप्पा गेल्यावर जीप माझ्याकडे आली. चालवणं मी त्यांच्याकडूनच शिकले होते आणि स्वभावही त्यांचाच उचलला होता, लवकर तापणारा.

आत्याचा एक डोळा मोतीबिंदूनं गेलेला होता. तिनं दुखणं अंगावर काढलं, मोतीबिंदू पिकत गेला आणि शेवटी डोळाच हातचा गेला. दुसऱ्या डोळ्याचीही तीच वाट चालू होती. तिला माणसं ओळखू यायची ती आवाजावरून. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, हा पिकलेला मोतीबिंदू आता काढला नाही तर हाही डोळा जाईल आणि मग काही करता येणार नाही.

मी तिला लातुरातल्याच एका दवाखान्यात नेलं होतं. टेबलावर झोपवलं, थेंब घातले, सगळं सुरळीत चाललं होतं. मग नर्सनं डोळ्यापुरती जागा सोडून तिच्या तोंडावर हिरवं कापड टाकलं. आत्या उठली. कुणाचं काही न ऐकता अनवाणी चालत बाहेर आली, चाचपडत जिना उतरली आणि जीपमध्ये जाऊन बसली. मी तिच्यामागे धावत आले तेव्हा रागानं माझं डोकं फुटायची वेळ आली होती. ती मात्र दोन्ही हातांनी बाकाची कड धरून बसली होती.

"तोंड झाकलं त्यांनी," ती म्हणाली. "एकडाव झाकलं व्हतं म्या. आता न्हाई."

माझा राग तिथंच जिरला, कारण ते 'एकडाव' कधीचं, ते मला माहीत होतं. आमच्या घरात सगळ्यांनाच माहीत होतं. गणपती बोळवून गाव नुकतं झोपलं होतं. पहाटेच्या अंधारात दगडमातीच्या भिंती खाली आल्या. आत्या कोपऱ्यात एका सराखाली सापडली, म्हणजे माळवदाच्या जाड लाकडी आडव्या खांबाखाली. तो सर मोडला नाही म्हणून ती चेंगरली नाही. पण माती खाली झिरपतच होती. श्वास घेतला की तोंडात माती. तिनं पदर ओढून तोंडानाकावर घट्ट दाबला आणि त्यातून श्वास घेत राहिली. किती वेळ, ते तिला कधीच सांगता आलं नाही.

मग तिला जीप ऐकू आली. कानानं नाही, पाठीनं. खाली टेकलेल्या पाठीला जमिनीतून धडधड लागली. मध्येच एक उचकी लागल्यासारखा ठोका, पुन्हा धडधड. तो ठोका फक्त अप्पांच्या जीपचा होता. भाऊ आला, आता काढतो, म्हणून ती निवांत पडून राहिली. ओरडलीसुद्धा नाही. आणि जीप बंद झाली.

"गेला, असं वाटलं," ती सांगायची. "मला न्हाई घेतलं आन् गेला." मग मात्र तिनं पदर सोडून जिवाच्या आकांतानं हाक मारली. वर अप्पांनी इंजिन बंद केलं होतं ते याचसाठी. लोकांना गप्प करून ते ढिगावर कान लावून बसले होते. इंजिन चालू राहिलं असतं तर ती ओरडली नसती, आणि ओरडली असती तरी कुणाला ऐकू आली नसती. ध्वनी हवेपेक्षा घन पदार्थातून वेगानं जातो, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. लिहिताना दर वर्षी माझा हात क्षणभर थांबतो. एका बाईला तिचा भाऊ जमिनीतून ऐकू आला, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

नांदेडला एक डॉक्टरीणबाई आहेत, म्हाताऱ्या माणसांना सांभाळून घेतात, असं मला कुणी सांगितलं. आत्याला मी बरेच दिवस गळ घातली. शेवटी ती यायला तयार झाली. दसरा झाल्यावर, आणि आपल्याच जीपमधून. तोंड झाकू देईन, असं मात्र ती बोलली नाही. मीही तो विषय काढला नाही.

आता अडचण जीपची. ती चालताना ठीक असायची, पण उभी राहिली की उकळायची. गल्लीच्या तोंडाशी कुणाशी बोलत थांबलं तरी काटा लाल खुणेकडे सरकायचा. इंजिनावरच्या झाकणातून तेल पाझरायचं, त्यावर धूळ बसायची, धुळीवर पुन्हा तेल. असे थर चढत गेले होते. रेडिएटरच्या पाकळ्यांत चिखल आणि गवताची काडं वाळून बसली होती, हवा जायला जागाच नव्हती. शिवाय असलं तेलकट जळमट गरम नळीजवळ साचू देणं म्हणजे आग पाळण्यासारखं. गॅरेजला न्यायचं तर आत्या झोपणार कुठं? आणि वॉशिंग सेंटरवर जोराच्या फवाऱ्यानं जुन्या वायरींची वाट लागते, हे अप्पांनी मला कधीच सांगून ठेवलं होतं. तेव्हा घरीच धुवायचं ठरवलं. नाहीतरी खंडेनवमीला जीपची पूजा असायची, आदल्या दिवशी तिला अंघोळ घालायची आमच्याकडे रीतच होती. अप्पांच्या माघारी ती अंघोळ वरवरची झाली होती, एवढंच.

अष्टमीला सकाळी इंजिन पूर्ण गार असताना मी बॉनेट उघडलं. गरम इंजिनावर गार पाणी पडलं तर लोखंडाला तडा जातो, म्हणून आदल्या दिवसापासून जीप हलवलीच नव्हती. ओढणी काढून ठेवली, हातातल्या बांगड्या काढल्या, रबरी मोजे घातले. बॅटरीची आधी काळी वायर सोडवली, मग लाल. अप्पा रॉकेल आणि ब्रश वापरायचे. पण नवरात्राचा अखंड दिवा उघड्या दारात तेवत होता, तेव्हा रॉकेलचं नाव काढायची सोय नव्हती. मी धुण्याची पावडर कोमट पाण्यात कालवली. जीपखाली जुनी पोती आणि लाकडाचा भुसा पसरला, म्हणजे तेलकट पाणी गल्लीच्या नालीत जायला नको. लातुरात नळ येतो तो आठवड्यानं, त्यामुळे पाइप लावायचा प्रश्नच नव्हता. बादली आणि मग. नशीब म्हणायचं, कारण अशा कामाला तेच बरं असतं.

आत्या पायरीवर बसून सगळं ऐकत होती. मी डायनॅमोला प्लास्टिकची पिशवी बांधली, फ्यूजच्या डबीला बांधली. मग एअर क्लीनरकडे वळले. इंजिन ज्यातून हवा ओढतं तो हा गोल डबा. अप्पा त्याला इंजिनाचं नाक म्हणायचे.

"आता काय बांधून राहिलीस?" आत्यानं विचारलं.

"नाक," मी म्हणाले.

तिचा हात स्वतःच्या नाकाशी गेला. तिथंच माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण मी कामाच्या नादात होते.

साबणाचं पाणी ब्रशनं चोळायला लागले आणि मग मला भानच राहिलं नाही. काळा थर मऊ पडून सुटायला लागला. कापसासारखी धूळ, पूजेचं कुंकू, तेलात भिजलेले तांदळाचे दाणे, झेंडूची एक वाळकी पाकळी. कितीतरी दसरे त्या लोखंडावर बसले होते. आणि त्या सगळ्याखाली रंग निघाला. हिरवट निळा, तळ्यातल्या पाण्याचा असतो तसा. मी लहानपणापासून हे इंजिन बघत आले होते आणि ते काळंच असतं असं समजत होते. कुण्या कारखान्यात कुणी तरी त्याला हा रंग दिला होता, आणि तो इतकी वर्षं आत तसाच होता. मी ब्रश हातात घेऊन नुसती बघत राहिले. खरं सांगते, देवळात कधी माझं असं झालेलं नाही.

"आत्या, इंजिन निळं आहे," मी म्हणाले.

"व्हय?" ती म्हणाली. "मला काय दिसतंय."

मी नवी बादली भरायला मागं हौदावर गेले. आले आणि मगानं वरून हळूहळू पाणी सोडायला सुरुवात केली. बरंच पाणी ओतून झाल्यावर माझं लक्ष एअर क्लीनरकडे गेलं. त्याच्यावर पिशवी नव्हती. तिथं आत्याच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला होता. ओला, नीट दोन पदरी, मागं निरगाठ.

माझा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेला असेल. "आत्या, काय केलंस हे? पाणी आत गेलं ना."

"पिशवीत श्वास घुसमटतो," ती शांतपणे म्हणाली. "लुगड्यातून येतो. मला ठावं हाय."

"ते इंजिन आहे. बंद आहे. बंद असताना ते श्वास घेत नाही."

"बंद हाय म्हणून काय झालं?"

मी बादली बाजूला सारली. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल आणि तसंच स्टार्टर मारलं तर आतले दांडे वाकतात, इंजिन कायमचं संपतं. जीप संपली की नांदेड संपलं आणि नांदेड संपलं की तिचा डोळा. हे सगळं मी तिला ओरडूनच सांगितलं. ती पायरीवरून उठून जीपपाशी आली आणि पत्र्याला हात लावून उभी राहिली. "उघडून बघ की मंग," म्हणाली.

मी डबा उतरवला. जुन्या जीपच्या या डब्यात तळाला तेल असतं. बाहेरची हवा त्या तेलावरून जाते, धूळ तेलात अडकते आणि स्वच्छ हवा पुढं इंजिनात जाते. मी डब्याच्या तळाची वाटी सोडवून परातीत ओतली. वर तेल, तेलाखाली पाणी, आणि सगळ्यात तळाशी बोटभर गाळ. पुढच्या नळीत बोट घालून पाहिलं. कोरडी होती. पाणी वाटीतच अडलं होतं. मी परातीपाशी तिथंच खाली बसले.

आत्यानं परातीत हात घातला. गाळ बोटांत धरून चोळला. तिला दिसत नव्हतं, पण हे तिला दिसायची गरज नव्हती.

"माती हाय," ती म्हणाली.

"रस्त्याची. तेलानं अडवलेली. आत जाऊ दिली नाही म्हणून इंजिन इतकी वर्षं चाललं."

ती बराच वेळ बोटं चोळत राहिली. "म्हंजी ह्येबी पदरातनंच श्वास घेतंय," ती म्हणाली. तिचा आवाज असा कधी मी ऐकला नव्हता. आश्चर्य होतं त्यात, आणि सोबत सापडल्यासारखं काहीतरी. मीही परातीत बोट बुडवलं. भूकंपाच्या दिवशी गावावर उठलेल्या धुरळ्यात जीपही श्वास घेत उभी होती, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

रेडिएटर अजून धुवायचा बाकी होता. मी डबा पुसून जागेवर बसवला आणि पिशवी हातात घेतली. आत्यानं ती माझ्याकडून घेतली.

"किती येळ झाकायचं?"

"पाणी मारून होईपर्यंत."

"मंग काढायचं?"

"काढायचं."

"इसरशील."

"नाही विसरणार, आत्या."

तिनं स्वतःच्या हातानं ती पिशवी बांधली. बांधताना तिचे ओठ हलत होते. मी रेडिएटरच्या मागच्या बाजूनं, पंख्याकडून बाहेर, हलकं पाणी सोडलं आणि जुन्या टूथब्रशनं एकेक ओळ मोकळी केली. चिखल बाहेर पडत गेला आणि पलीकडचा उजेड पाकळ्यांतून दिसायला लागला. काम संपलं तेव्हा मी काही म्हणायच्या आत आत्याचा हात पिशवीवर होता. गाठ सोडून तिनं डब्याच्या तोंडाशी तळवा धरला, जणू ते श्वास घेतंय का बघत होती. मग मी वाटीत नवं तेल भरलं, सगळं फडक्यानं कोरडं केलं आणि बॉनेट उघडंच ठेवून इंजिनाला ऊन खाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मला जीप चालू करून बघायची घाई झाली होती. आत्यानं जीपची किल्ली कनवटीला लावली. "आज हत्याराचा इसावा. आज त्येला हात लावायचा न्हाई." तिनं निळ्या इंजिनाला विभूतीची बोटं ओढली, झेंडूचा हार घातला. मी चिडचिड करत घरात फेऱ्या मारल्या. पण खरं तर त्या रीतीनं माझंच काम केलं. वायरींच्या सांध्यात राहिलेला ओलावा सुकायला तो अख्खा दिवस मिळाला. आमच्या पूर्वजांनी डायनॅमो पाहिला नव्हता, तरी त्यांनी हा दिवस मोकळा ठेवला होता, याचं मला नवल वाटलं.

दसऱ्याला सकाळी बॅटरीची आधी लाल वायर जोडली, मग काळी. आत्या बॉनेटवर तळहात टेकून उभी राहिली. पहिल्या दमात इंजिन नुसतं कण्हलं. दुसऱ्या दमात पांढरा धूर सोडला, एक उचकी दिली आणि लागलं. तोच ठोका. आत्याच्या तोंडावर हसू पसरत गेलं. "तोंड झाकलं व्हतं तरी आलं," ती कुणाला तरी सांगत होती, मला नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नांदेडला निघालो. अहमदपूरच्या चढावर काटा हलला नाही, लोह्यात इंजिन चालूच ठेवून चहाला थांबलो तेव्हाही नाही. रस्ताभर आत्याचा तळवा दाराच्या पत्र्यावर टेकलेला होता. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि तोंडावर कापड घालावं लागेल, हे स्वतःच सांगितलं. मी जीपची किल्ली मुठीत घेतली.

"झाका," आत्या म्हणाली. "पन माझी गाडी खाली चालू ऱ्हाऊ द्या. भिंतीला लागून. बंद करायची न्हाई."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्या वॉचमनला हाक मारून म्हणाल्या, "यांची जीप मागच्या भिंतीला लावू द्या."

मी जीप भिंतीला लावली आणि चालू ठेवली. ऊन रखरखीत होतं. वर कुठल्या तरी बंद खोलीत माझी आत्या तोंडावर कापड घेऊन पडली होती, आणि तिच्या पाठीला ही धडधड लागत असेल की नाही, मला माहीत नव्हतं. मी काट्यावरून नजर काढली नाही. धुण्याआधी याच उन्हात ही जीप चहा पिऊन होईपर्यंत उकळली असती. मग मला ती बंद करावी लागली असती, आणि ती बंद झाल्यावर आत्या काय करते, ते मी तिच्याच तोंडून ऐकलेलं होतं. काटा मध्यावर उभा होता. मी अप्पांची आठवण काढली. आयुष्यात प्रथमच मला कळलं की त्या ढिगापुढं इंजिन बंद करायला त्यांना केवढं धाडस लागलं असेल.

बऱ्याच वेळानं मागच्या दारातून एक नर्स बाहेर आली. धुरानं डोळे चोळत माझ्यापाशी आली.

"झालं ऑपरेशन, चांगलं झालं," ती म्हणाली. "आजींनी निरोप दिलाय. म्हणाल्या, आता बंद कर म्हणावं."

मी हात पुढं केला आणि इंजिन बंद केलं.